सुटका झाल्याचंही कळवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात रात्री अकराच्या सुमारास आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा एक व्हिडिओ आला. पाणी कमानींना भिडलेलं आणि वर लाल अक्षरांत ‘सांगलीकर सावधान, पाणी झपाट्याने वाढतंय’. समोरच्या घरात मावशी एकट्याच राहतात. त्यांनी तो व्हिडिओ पाहिला आणि कुणाला न विचारता धान्याचे डबे माडीवर चढवायला घेतले. चौथ्या खेपेला जिन्यात त्यांचा पाय मुरगळला. आवाज ऐकून मी धावलो, तेव्हा त्या पायरीवर बसून पाय दाबत होत्या आणि मलाच सांगत होत्या, “तुमचं सामान आधी वर घ्या हो.”

त्या रात्री पुलापाशी पाणी होतं १८ फूट. इशारा पातळी ४० फुटांची आणि धोका पातळी ४५ ची. व्हिडिओ २०१९ चा होता. त्यात कोपऱ्यावरच्या दुकानाचा जो निळा फलक दिसतो, तो त्याच पुरात गेला आणि पुन्हा लागलाच नाही. रोज तिथून जाणाऱ्याला हे लगेच कळतं. पण रात्री अकरा वाजता, एकटं माणूस, बाहेर पाऊस, तेव्हा फलकाकडे कोण बघतं?

मावशींच्या पायाला आता आराम आहे, तरी मला राहवेना म्हणून हे पत्र. मी एसटीत ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची १२ वाहतूक नियंत्रक म्हणून. आमच्या टेबलावर एक नोंदवही असे. गाडी किती वाजता फलाटाला लागली, किती वाजता सुटली, चालक-वाहक कोण, सगळं तिच्यात लिहायचं. सुटलेल्या गाडीसमोर सुटल्याची वेळ पडली नाही, तर पुढचा माणूस तीच गाडी पुन्हा माईकवर पुकारतो. मग बायामाणसं गाठोडी आणि पोरं घेऊन पळतात आणि फलाट रिकामा असतो. असं एकदा घडलं की त्या दिवशी माईकवर कुणाचा विश्वास राहत नाही. पुराच्या वेळी मोबाईलवर जे चालतं ते बघताना मला सारखी ती वही आठवते. आपण गाडी पुकारतो, पण सुटल्याची वेळ कुणीच लिहीत नाही.

ही चूक आधी माझ्याच घरात घडली आहे. ती सांगितल्याशिवाय दुसऱ्याला काही सांगण्याचा मला अधिकार नाही.

२०१९ ची नागपंचमी ५ ऑगस्टला होती. दुसऱ्या दिवशी पाणी गल्लीत शिरलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ मारून ठेवलेली आहे. सांगलीत अनेक घरांवर, दुकानांवर अशा रेघा सापडतील. त्या रेघेवर आमचा सगळा भरवसा. २००५ ला इतकं आलं होतं, त्यावर काय जाणार, असं म्हणून आम्ही माडीवर थांबलो. मी, बायको आणि माझी आई. आईचं वय तेव्हा ८४, रोज दोन वेळा इन्शुलिन. वीज गेली, फ्रीज बंद पडला, म्हणून इन्शुलिन मातीच्या माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलं. ७ तारखेला दुपारी ती रेघ पाण्याखाली गेली. तेव्हा मात्र हातपाय गार पडले.

मुलगा पुण्यात नोकरीला. त्याला फोन लावला. नियंत्रण कक्षाची लाईन त्याला व्यस्तच लागत होती, आणि हजारो लोक एकाच वेळी फोन करतात तेव्हा ती व्यस्त लागणारच. त्याने संध्याकाळी ट्विटरवर आणि फेसबुकवर टाकलं: ‘माझी आजी वय ८४, इन्शुलिनवर आहे. आईवडील सोबत आहेत. गावभाग, सांगली. पाणी माडीपर्यंत आलंय. कृपया मदत करा, जास्तीत जास्त शेअर करा.’ खाली माझा मोबाईल नंबर.

मुलगा घाबरला होता, त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. पण आज तो मजकूर वाचतो तेव्हा नियंत्रकाच्या नजरेला त्यातल्या उणिवा दिसतात. तारीख नाही, वेळ नाही. गावभाग म्हणजे काय एक घर आहे? आणि नंबर कुणाचा, तर पाण्यात अडकलेल्या माणसाचा.

त्या नंबरचं काय झालं ते सांगतो. माझ्या फोनला तेव्हा ३८ टक्के चार्जिंग होतं. पुढच्या दोन तासांत नाशिक, नांदेड, मुंबई, दुबई अशा ठिकाणांहून फोन आले. सगळी भली माणसं. प्रत्येकाचा प्रश्न एकच, “मेसेज खरा आहे ना? तुम्ही ठीक आहात ना?” एका बाईंनी तर फोनवरच आईसाठी स्तोत्र म्हटलं. रात्री नऊला फोन बंद पडला. मदतीला येणाऱ्याला घर सापडत नसेल तर विचारायला आता काहीच उरलं नाही. आमच्या काळजीपोटी आलेल्या फोननीच आमचा फोन संपवला.

८ तारखेला सकाळी आमच्याच भागातली पोरं होडी घेऊन आली. कृष्णेत शर्यतीला होड्या मारणारी ही पोरं, पाण्याचा ओढ कुठे आहे ते त्यांना न सांगता कळतं. त्यांनी कुठलाही मेसेज वाचलेला नव्हता. त्यांना माहीत होतं की या घरात म्हातारी आहे. आईला खुर्चीसकट खिडकीतून उतरवलं. त्याच सकाळी पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला नाव उलटून माणसं गेली, हे आम्हाला संध्याकाळी कळलं. आम्ही मिरजेला मेहुण्याकडे पोचलो, आईला इन्शुलिन मिळालं, गरम भात मिळाला आणि आम्ही झोपलो. मुलाने एका ओळीत ‘सर्व सुखरूप, आभार’ असं टाकलं. ते किती जणांनी वाचलं कुणास ठाऊक. कारण तोवर मूळ मजकुराचे स्क्रीनशॉट झाले होते. स्क्रीनशॉट पुसता येत नाही, त्यात दुरुस्ती होत नाही, आणि मूळच्या खाली काय लिहिलंय ते त्यात येत नाही. पुढे कुणीतरी तो हाताने टाइप करून पुढे पाठवला, तर गावभागाचं नदीपलीकडचं सांगलवाडी झालं. आणखी कुणी ‘आत्ताच आलेला मेसेज’ असं वर जोडलं.

९ तारखेला दुपारी जवानांची एक रबरी बोट आमच्या गल्लीत आली. आमच्या घरासमोर थांबून त्यांनी हाका मारल्या, शिट्टी वाजवली, एकाने खिडकीतून आत डोकावून पाहिलं. समोरच्या गच्चीवरून शेजाऱ्यांनी ओरडून सांगितलं की हे लोक कालच गेले. दहा-पंधरा मिनिटं मोडली आणि बोट पुढच्या नावाकडे गेली. आमच्या घरापासून चार घरं आत, वळणाच्या पलीकडे, भाड्याने राहणारं एक जोडपं होतं. तिला आठवा महिना. त्यांचा साधा फोन आदल्या दिवशीच बंद पडलेला, पुण्या-मुंबईत ट्विट करणारं त्यांचं कुणी नाही. बोटीच्या इंजिनाचा आवाज त्यांनी ऐकला होता. ती पोरगी मला नंतर म्हणाली, “काका, आवाज आला आणि परत लांब गेला.” त्यांना सुटायला संध्याकाळ झाली. दोघं सुखरूप बाहेर आली, पुढे मुलगी झाली, सगळं चांगलं झालं. तरी तिचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. ती बोट आमच्या नावावर आली होती आणि आम्ही मिरजेत जेवून झोपलो होतो.

सोशल मीडिया बंद करा असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. कृपा करून तसं समजू नये. केरळात २०१८ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला, तेव्हा तिथल्या सरकारने आणि संगणकवाल्या स्वयंसेवकांनी मिळून ‘केरळ रेस्क्यू’ नावाचं संकेतस्थळ उभं केलं. परदेशात बसलेल्या मुलांनी व्हॉट्सॲपवरचे निरोप त्यात भरले, त्या पत्त्यांवर कोळी बांधव आपल्या समुद्रातल्या होड्या ट्रकवर चढवून घेऊन गेले. हजारो माणसं वाचली. पण एकच कुटुंब पाच-पाच वेळा नोंदलेलं, सुटलेल्यांची नावं तशीच यादीत, हा गुंता तिथेही झाला आणि नुसता तो सोडवायला फोनवर माणसं बसवावी लागली. म्हणजे निरोप टाकणं हे निम्मं काम. तो मिटवणं हे उरलेलं निम्मं, आणि त्याला कुणी वाली नसतो.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हाच अनुभव आला. एप्रिल २०२१ मध्ये माझ्या साडूंना ऑक्सिजनचा बेड हवा होता. मुलाने एका रात्रीत साठ-सत्तर नंबर फिरवले. बहुतेक बंद, नाहीतर ‘अहो, ते चार दिवसांपूर्वी संपलं’. पण काही तरुण पोरं यादीतल्या प्रत्येक नंबरपुढे ‘तपासलं, दुपारी ४:१०’ असं लिहीत होती. बेड मिळाला तो अशाच एका ओळीतून. ती पोरं कोण, कुठली, आम्हाला आजही माहीत नाही. त्यांनी एवढंच केलं की फोन लावून खात्री केली आणि वेळ लिहिली.

त्याच काळात, ३० एप्रिल २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकाची मुस्कटदाबी खपवून घेतली जाणार नाही. त्यामुळे मदत मागायला कुणी कचरू नये. मात्र दुसरी बाजूही लोकांना माहीत हवी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हे आमच्या ग्रुपवरच्या कितीतरी शिकलेल्या माणसांना ठाऊक नव्हतं.

२०१९ नंतर आम्ही गल्लीतल्या तेवीस घरांनी बसून ठरवलं की पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. एक वही केली. साधी दोनशे पानी, शाळेची. ती पाण्यात राहणाऱ्याने ठेवायची नाही, मिरजेत माझी भाची राहते तिने ठेवायची. तिच्याकडे वीज असते, फोन चालू असतो, डोकं शांत असतं. गल्लीतला जो कुणी मदत मागेल त्याच्या निरोपात भाचीचाच नंबर जाणार. निरोपाची सुरुवात वाराने आणि वेळेने. माणसं किती, त्यात म्हातारं, आजारी, लहान मूल कोण. आणि पत्ता असा लिहायचा की तो पाण्यावरून दिसला पाहिजे.

हा शेवटचा मुद्दा मला होडीतल्या पोरांनी शिकवला. आपण सांगतो, ‘मारुतीच्या देवळामागे, हिरव्या दरवाजाचं घर’. पाणी दहा फूट चढल्यावर दरवाजा कुठला आणि पाटी कुठली? सगळी गल्ली सारखी दिसते, नुसत्या माड्या आणि पत्रे. मोबाईलवरचं लोकेशन या बोळांत बऱ्याचदा शेजारच्या गल्लीत नेऊन सोडतं. होडीवाल्याला दिसते ती गच्चीवरची टाकी, माडीचा कठडा, टॉवर, झाडाचा शेंडा. म्हणून आमच्या वहीत प्रत्येक घरापुढे लिहिलंय: ‘पिवळी टाकी, शेजारी शेवगा’, ‘लोखंडी कठडा, वर पत्र्याची शेड’. ज्यांच्याकडे तसलं काही नाही त्यांनी भडक रंगाची जुनी साडी कठड्याला बांधायची. जोडप्याच्या त्या घरापुढे मी स्वतः लिहिलं, ‘वळणाच्या आत, रस्त्यावरून दिसत नाही, हाक मारा’.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा आलं, ५५ फुटांच्या आसपास गेलं. या वेळी कुणी रेघेवर भरवसा ठेवला नाही. वहीतली जवळपास सगळी नावं पाणी घरात शिरायच्या आत बाहेर पडली. जो सुटेल त्याने एकच शब्द पाठवायचा होता, ‘पोचलो’. भाची वेळ लिहून नावावर रेघ मारायची आणि जिथे जिथे त्यांचा निरोप गेला असेल तिथे तिथे स्वतः कळवायची. ज्यांनी ‘पोचलो’ पाठवलं नाही, त्यांना ती फोन करून करून भंडावून सोडायची.

तरी एक रात्र वाईट गेलीच. दीडच्या सुमारास एक आवाजी निरोप आला, कोयना धरणाला तडा गेलाय, तासाभरात पाणी सांगलीत. बोलणारा माणूस खूप अधिकाराने बोलत होता, मागे वायरलेसचा खरखराट. माडीवर थांबलेल्या दोन घरांतली माणसं म्हाताऱ्यांना घेऊन अंधारात पाण्यात उतरायला निघाली. जिथे थांबले होते तिथे ती सुरक्षित होती, धोका त्या अंधारातल्या पाण्यातच होता. माझा एक जुना सहकारी पाटण तालुक्यातला, कोयना धरण तिथलंच. त्याला झोपेतून उठवलं. तो म्हणाला, इथे सगळं जागच्या जागी आहे. आणि कोयनेचं पाणी तासात सांगलीला येत नाही, एवढा विचार शांत डोक्याने कुणीही केला असता. पण त्या वेळी डोकं शांत नसतं, हाच तर मुद्दा आहे. मी प्रत्येक घराला फोन करून थांबवलं. तो निरोप कुणी बनवला, आजवर कळलं नाही.

म्हणून जिल्हा प्रशासनाला माझी हात जोडून विनंती आहे. पावसाळ्यात पाणीपातळीचे आकडे आपण देता, त्याबद्दल आभार आहेत. पण त्या आकड्याबरोबर चित्रातच तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरांत छापावी, कापली तरी जाणार नाही अशा जागी, आकड्याच्या पोटात. ‘आयर्विन ४१ फूट’ एवढाच मजकूर दोन दिवसांनी आला तर पाणी चढतंय की उतरतंय हेही कळत नाही. कोयना आणि वारणेतून किती क्युसेक सोडलं हे सांगताना ते पाणी आमच्याकडे साधारण कधी पोचेल हेही मराठीत सांगावं, कारण क्युसेकवरून घराची पायरी कळत नाही. आणि मदतीच्या प्रत्येक निरोपाला, तो ट्विटरवरचा (आताचं एक्स) असो की व्हॉट्सॲपवरचा, एक नोंद क्रमांक मिळावा आणि त्याच जागी खाली ‘सुटका झाली’ असं लिहिलं जावं. त्यासाठी नियंत्रण कक्षात दोन माणसं फक्त या कामाला बसवावीत. एसटीच्या एका स्टँडवर दिवसाला शेकडो गाड्यांची नोंद दोन माणसं हाताने ठेवतात. हे अशक्य नाही.

२०२३ मध्ये सगळ्यांच्या मोबाईलवर सरकारी चाचणीचा तो मोठा भोंगा वाजला होता, आठवत असेल. टॉवरच्या हद्दीतल्या सगळ्या फोनवर एकाच वेळी निरोप जातो, इंटरनेट लागत नाही. फार चांगली सोय आहे. त्या दिवशी आमच्या मावशी घाबरून माझ्याकडे आल्या होत्या. त्यांना नीट समजावून सांगितलं की खरा इशारा असा वाजत येईल, फॉरवर्ड होऊन येणार नाही. हे सांगणारं कुणीतरी दर गल्लीत हवं. मी तेव्हा सांगितलं, पण दर जूनला पुन्हा सांगायला हवं होतं ते राहून गेलं.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. पुरात मोबाईल बंद पडतो आणि पेपरही येत नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यात पेपर येतो. त्या आठवड्यात एक दिवस पहिल्या पानावर कापून ठेवता येईल अशी चौकट छापा. त्यात जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, तातडीचा ११२ आणि रुग्णवाहिकेचा १०८. त्याखाली मदतीच्या निरोपाचा रिकामा नमुना: वार, वेळ, माणसं किती, आजारी कोण, पाण्यावरून काय दिसतं, पाण्याबाहेरच्या कुणाचा नंबर. आणि शेवटची ओळ ‘सुटल्यावर इथेच कळवा’. लोक ती मीटरच्या पेटीवर, नाहीतर देव्हाऱ्याशेजारी चिकटवतील. वर्षानुवर्षं एसटीचं वेळापत्रक भिंतीला चिकटवणारी माणसं आहेत ही, मी पाहिली आहेत.

नमुना म्हणून आमच्या वहीच्या दोन पानांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. नावं काळी केली आहेत. पहिली नोंद २३ जुलै २०२१, शुक्रवार, सकाळी ६:४० ची आहे: ‘दोन मोठी, एक पावणेदोन वर्षांची मुलगी, वळणाच्या आत, हाक मारा’. शेवटच्या रकान्यात भाचीच्या अक्षरात ‘पोचले, ९:१५’ असं आहे.

आपला,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक,
गावभाग, सांगली